आम्ही अजून विचार करतोय

पुण्यात बाणेरच्या एका सोसायटीत कुत्रा पाळायचा असेल तर त्याच्या रेबीजच्या लशीचा कागद कमिटीकडे द्यावा लागतो. तारीख उलटली की सेक्रेटरी ग्रुपवर नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल अशा बेताने, निरोप टाकतात. त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या ब्रुनोचं कार्ड कसं अद्ययावत असतं. त्याच घरात दीड वर्षाचं एक मूलही आहे. त्याच्या गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसचं काय झालं, असं विचारलं की त्याचे बाबा एकदम गंभीर होतात. "आम्ही अजून विचार करतोय," म्हणतात. ब्रुनोच्या वेळी विचाराला सवड मिळाली नव्हती, असं दिसतं.

तशी ती २०२१ च्या मे महिन्यातही मिळाली नव्हती. तेव्हा हेच बाबा रात्री बारापर्यंत कोविनवर बोटं आपटत होते आणि स्लॉट मिळाला म्हणून दोन तालुके ओलांडून कुठल्याशा प्राथमिक आरोग्य केंद्रात दंड पुढे करून आले होते. कोविडची लस बाजारात येऊन जेमतेम चार महिने झाले होते. गोवराची लस १९६३ पासून आहे. तिचा मात्र अजून पुरेसा अभ्यास झालेला नाही, असं त्यांचं मत आहे.

या विचाराची रीत बघण्यासारखी असते. आधी बालरोगतज्ज्ञांकडे जायचं. तिथे भिंतीवर लशींचं लांबलचक दरपत्रक. फ्लूची, कांजिण्यांची, काविळीची, टायफॉइडची. दुखणारी एक, न दुखणारी एक, आणि न दुखणारीचा भाव आईबापांना दुखेल एवढा. बाहेर पडताना निष्कर्ष तयार: "सगळा धंदा आहे." बरं, धंदा तर धंदा. मग महापालिकेच्या दवाखान्यात जा. बीसीजीपासून पेंटापर्यंत, पोलिओ, रोटा, न्यूमोकोकल, गोवर-रुबेला, सगळं फुकट आहे. यावर उत्तर: "फुकटचं कसलं असेल कोण जाणे!" म्हणजे पैसे घेतले तर लूट आणि न घेतले तर भेसळ. या दोन खुर्च्यांच्या मधे मूल बसलेलं असतं आणि त्याचे दीड, अडीच, साडेतीन महिने एकामागून एक निघून जातात.

मग लशीत काय काय असतं याचा शोध सुरू होतो. अ‍ॅल्युमिनियम! बाळाच्या अंगात अ‍ॅल्युमिनियम! ही किंकाळी ज्या घरातून येते, त्याच घरातून दर पुष्य नक्षत्राला बाळाला सुवर्णप्राशनासाठी नेतात. सोन्याचं भस्म, मध आणि तूप यांचे थेंब. भस्म कुठल्या कारखान्यातलं, त्यात आणखी काय आहे, कुणी किती मुलांवर तपासलं, हे प्रश्न तिथे कुणाच्या ओठांवर येत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, असं डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगतात. मधातून कधी कधी बोट्युलिझमचे जंतू जातात म्हणून. पण मध नैसर्गिक आहे ना! धनुर्वातही नैसर्गिकच आहे. त्याचे जंतू मातीत आणि शेणात राहतात, शंभर टक्के सेंद्रिय.

धनुर्वाताचं आणखी एक आहे. "बाकी सगळ्यांनी घेतलीय ना, मग आमच्याला काय होतंय" हा हिशेब तिथे चालतच नाही. तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, जखमेतून सरळ आत शिरतो. शेजारच्या शंभर मुलांनी लस घेतली म्हणून तुमच्या मुलाचा गुडघा सुरक्षित होत नाही.

या सगळ्यात घरातल्या आजीला कुणी विचारत नाही, कारण आजीने 'रिसर्च' केलेला नाही. तिने फक्त घटसर्पाने गळा आवळलेलं मूल बघितलंय आणि डांग्या खोकल्याने निळंजांभळं होणारं भावंड. दंडावर देवी काढल्याचे वण तिला अजून आहेत. तिच्या मुलांना लस द्यायची वेळ आली तेव्हा तिने विचार केला नव्हता, पदर खोचून रांगेत उभी राहिली होती. विचाराची ही चैन तिच्या नातवाच्या आईबापांना परवडते, कारण त्यांनी यातलं काहीही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आणि पाहिलेलं नाही ते लशींमुळेच.

आता ऑटिझम. हे उरकून टाकू. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरने बारा, फक्त बारा, मुलांवरून एक निबंध लिहिला आणि गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एमएमआर लशीकडे बोट दाखवलं. लसकंपन्यांवर दावे लावणाऱ्या वकिलांकडून त्याला पैसे मिळत होते, हे नंतर उघड झालं. २०१० मध्ये तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याची डॉक्टरकीही गेली. २०१९ मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून झाल्या. लस आणि ऑटिझम यांचा संबंध सापडला नाही. निबंध मागे घेतला गेला, फॉरवर्ड मात्र कुणीच मागे घेतला नाही. गंमत म्हणजे आपल्या सरकारी केंद्रात एमएमआर देतच नाहीत. तिथे देतात ती एमआर, नुसती गोवर-रुबेलाची. जी लस त्या टेबलावर ठेवलेलीच नाही, तिच्या भीतीने लोक पायरी चढत नाहीत.

विचार न करताच लस चुकलेलेही असतात. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस गोवंडीतल्या एका वस्तीत दोन-तीन दिवसांत तीन मुलं गोवराच्या लक्षणांनी दगावली. मग साथ मुंबईत इतरत्र दिसली, भिवंडीत, मालेगावात दिसली. चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात गोवराचे वॉर्ड भरले. वर्ष संपेपर्यंत एकट्या मुंबईत दहाहून जास्त मुलं गेली. केंद्र सरकारने साथीच्या भागात पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना एक जादा डोस द्यायला सांगितला आणि काही ठिकाणी तर नऊ महिन्यांची वाट न पाहता सहाव्या महिन्यापासून.

तिथल्या आयांनी काही लॅन्सेट वाचलं नव्हतं. कोविडच्या दोन वर्षांत लसीकरण मागे पडलं होतं. काही मुलं गावी गेली होती, परत आली तेव्हा कार्ड गावीच राहिलं. लसीकरण केंद्राची वेळ आणि कामाची वेळ एकच. एक दिवस मोडला की त्या दिवसाचे पैसे मोडले. आधीच्या डोसनंतर रात्रभर ताप आला, सकाळी सासू म्हणाली, पुरे झालं. कुणी म्हणालं, या सुईने पुढे मुलं होत नाहीत. आशाताई दार वाजवून जायच्या आणि दार उघडायचं नाही. यात अफवाही होत्या आणि अज्ञानही होतं, पण त्याच्या बरोबरीने व्यवस्थेचा आळसही होता. ज्या वॉर्डात डोस सगळ्यात जास्त राहिलेले आहेत तिथे संध्याकाळी सातनंतर लस का मिळू नये, या प्रश्नाचं उत्तर साथ येऊन गेल्यावरही ऐकू आलेलं नाही.

व्यवस्थेचा विषय निघालाच आहे तर यवतमाळ जिल्ह्याकडेही जाऊ. ३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा रविवार. घाटंजी तालुक्यातल्या एका गावात बारा मुलांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुवायचं सॅनिटायझर घातलं गेलं. मुलं वाचली, तिघांवर कारवाई झाली. अशी बातमी वाचल्यावर एखादी आई बिचकली तर तिला अडाणी म्हणून कसं चालेल? तिला उत्तर द्यायला हवं. बाटली दाखवायला हवी, तारीख वाचून दाखवायला हवी, ताप येईल, मांडी सुजेल, कोणतं औषध किती द्यायचं हे आधी सांगायला हवं. आमचे बरेच डॉक्टर काय सांगतात? "गूगल करू नका." आणि पुढचा पेशंट आत. या तीन शब्दांनी व्हॉट्सअ‍ॅपला जेवढे वाचक मिळवून दिलेत, तेवढे वेकफील्डलाही जमले नसते.

पण चौथ्या मजल्यावरच्या बाबांचं दुखणं हे नाही. त्यांना बाटली दाखवली, आकडे दाखवले, तरी ते शेवटी म्हणतात, "आमचं मूल, आमचा निर्णय." मोठं भारदस्त वाक्य आहे. अडचण एवढीच, की गोवराला ते ऐकू येत नाही. गोवर झालेलं मूल लिफ्टमधून उतरून गेलं तरी तिथल्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत टिकू शकतो. कामवाल्या मावशींसाठी वेगळी लिफ्ट, असा बोर्ड लावलेला असला तरी. त्या दोन तासांत त्याच लिफ्टमध्ये सहाव्या मजल्यावरचं पाच महिन्यांचं बाळ चढतं. त्याला लस द्यायचं वयच झालेलं नाही, त्याचा सगळा भरवसा इतरांच्या लशीवर. हा भरवसा टिकायला शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस लागतात. तुमच्या निर्णयात त्या बाळाचाही निर्णय होऊन जातो, त्याच्या आईला न विचारता.

आणि गोवर म्हणजे चार दिवस ताप, लिंबाचा पाला आणि घरात फोडणी नाही, एवढंच असतं असं वाटत असेल तर तेही सोडा. न्यूमोनिया होतो. हजारात एखाद्याच्या मेंदूला सूज येते. बरं झालेल्या मुलातही विषाणू कधी कधी मेंदूत दडून राहतो आणि सात-दहा वर्षांनी, मूल शाळेत अक्षर गिरवत असताना, त्याची बुद्धी आणि चाल हिरावून घेऊ लागतो. त्यावर खात्रीचा उपाय अजून सापडलेला नाही. २०२३ साली जगात गोवराने एक लाख सात हजारांच्या वर माणसं गेली, बहुतेक पाच वर्षांखालची. ज्या अमेरिकेने २००० मध्ये गोवर हद्दपार झाल्याचं जाहीर केलं होतं, तिथल्या टेक्सासमध्ये २०२५ च्या साथीत लस न घेतलेली दोन शाळकरी मुलं गेली.

अमेरिकेचं नाव काढलं की मात्र आमच्या विचारवंत पालकांची गाडी झटक्यात रुळावर येते. कारण कायमच्या मुक्कामाचा व्हिसा हवा असेल तर वैद्यकीय तपासणीत लशींच्या नोंदी मागतात आणि ज्या नसतील त्या तिथेच टोचतात. मुलांचा शाळाप्रवेशही तिथे लशींच्या कागदावर अडतो. तीन वर्षं चाललेला विचार एका सकाळी संपतो, एका बैठकीत तीन-तीन सुया होतात, कुणी घटक विचारत नाही, धंदा म्हणत नाही, "आमचं मूल" तर नाहीच नाही. सगळं घर दंड चोळत हसतमुखाने बाहेर येतं. आणि यातल्या कितीतरी लशी बनतात कुठे? पुण्याच्या हडपसरला, १९६६ साली सुरू झालेल्या कंपनीत. तिथून त्या अर्ध्या जगाला जातात. बाणेरच्या चौथ्या मजल्यावर तेवढ्या पोचत नाहीत.

ज्यांचा व्हिसा अजून आलेला नाही, त्यांच्यासाठी माहिती: गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. हुकला असेल तर सरकारी केंद्रात पाच वर्षांपर्यंत देतात. कार्ड हरवलं असलं तरी टोचतात, पैसे घेत नाहीत. तुमच्या भागात लसीकरणाचा वार कोणता, ते आशाताईंना उद्याच विचारा.