सूचीतील आगंतुकांचा बंदोबस्त

पानं लागली, प्रुफं वाचून झाली, प्रकाशन समारंभाचं सभागृहही ठरलं, की कुणाला तरी आठवतं : अरे, सूची राहिली! पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये ती एका बटणावर तयार होते, असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते खरंच आहे. बटण दाबावं. सूची येते आणि तिच्याबरोबर न बोलावलेली मंडळीही येतात. त्यांना घालवण्याचा शास्त्रोक्त विधी असा.

प्रथम, तयार सूचीतली नको ती ओळ निवडून डिलीट करावी. मनाला बरं वाटतं. एखादं पान पुढेमागे झालं म्हणून सूची पुन्हा काढली, की तीच ओळ जागच्या जागी हजर! कारण तिचं मूळ सूचीत नसतंच. पुस्तकातल्या कुठल्याशा शब्दाला चिकटून एक अदृश्य मार्कर बसलेला असतो. लपलेली चिन्हं दाखवायला सांगितलं, किंवा कंट्रोल आणि वाय दाबून स्टोरी एडिटर उघडला, की तो सापडतो. खरी हकालपट्टी इंडेक्स पॅनेलमधून होते. हे ठाऊक असणारेही आदल्या रात्री डिलीटच दाबत बसतात, त्याला इलाज नाही.

आता मुख्य रोग. त्याचं नाव ‘अ‍ॅड ऑल’. एक शब्द निवडायचा आणि पुस्तकात तो जिथे जिथे असेल तिथे मार्कर टाकून घ्यायचा, अशी ही सोय. ती फक्त अख्खा शब्द जुळवते. इंग्रजीत ते खपून जातं. मराठीत विभक्ती आड येते. समजा, पुस्तक लोकमान्यांच्या चरित्राचं आहे. ‘टिळक’ निवडून अ‍ॅड ऑल केलं. आता चरित्रात ते बहुतेक वेळा टिळकांनी, टिळकांचा, टिळकांना असेच वावरतात. हे सारे उल्लेख सुटतात. सापडतात ते ‘टिळक म्हणाले’ आणि ‘टिळक रस्ता’. शिवाय रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक हे दोघंही त्याच नोंदीत मुकाट्याने नांदू लागतात. म्हणजे १९०८ ते १९१४ मंडालेत काढलेल्या माणसाला सूचीत जेमतेम जागा, आणि त्याच्या नावाच्या रस्त्याला पुरेपूर. ‘मराठा’ या वृत्तपत्राची नोंद अशीच करून पाहावी. १८८१ साली सुरू झालेलं ते पत्र पानिपतावरही लढलेलं आढळेल.

यावर हुशार ऑपरेटर टिळकांनी, टिळकांचा, टिळकांना अशा प्रत्येक रूपाला वेगळं अ‍ॅड ऑल करतो. सूची चार पानांनी वाढते आणि व्याकरणाच्या पुस्तकासारखी दिसू लागते. उपाय आहे, पण कंटाळवाणा : प्रत्येक रूप शोधायचं, उल्लेख कुणाचा ते वाचायचं आणि विषयाच्या रकान्यात दरवेळी ‘टिळक, बाळ गंगाधर’ हेच घालायचं. म्हणजे पुस्तक वाचावं लागतं. या अवस्थेला आल्यावर तेवढा वेळ कुणाकडे असतो?

कऱ्हा नदीचं दुखणं निराळं. ती सूचीत दोनदा येते, डोळ्यांना अगदी सारखी, पानं मात्र वेगळी. एकाने ‘ऱ्ह’ टंकताना नुक्त्याचा ऱ वापरलेला असतो. दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. छापून दोन्ही एकच, यंत्राच्या लेखी दोन नद्या. दोन्ही नोंदींत एकच रूप चिकटवलं की संगम होतो. नोंदीच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही हाच खेळ करते.

किरकोळ आगंतुक झटपट हाकलता येतात. मागच्या पुस्तकातून उचलून आणलेला परिच्छेद आपले मार्कर घेऊनच येतो. पानाबाहेर पेस्टबोर्डावर ‘लागेल कधीतरी’ म्हणून ठेवलेल्या मजकुरातही मार्कर असतात. पॅनेलमध्ये त्यांच्यासमोर पानाच्या आकड्याऐवजी ‘पीबी’ दिसतं. लपवलेल्या लेयरवरचे उल्लेख नको असतील तर सूची काढताना त्यांच्यासाठीच्या चौकोनातली खूण काढावी. रिकाम्या विभागांची खूण तर काढावीच, नाहीतर मराठी पुस्तकाच्या शेवटी क्यू आणि एक्स ही अक्षरं शीर्षक लावून, खाली काहीही न घेता उभी राहतात. आणि प्रकरणांच्या फायली जिथे एकत्र जोडतात ते बुक पॅनेल एकदा वरपासून खालपर्यंत वाचावं : तिसरं प्रकरण आणि ‘तिसरे फायनल नवीन’ दोन्ही तिथे गुण्यागोविंदाने असतील, तर सूचीतल्या पानांचा ताळमेळ ब्रह्मदेवालाही लागणार नाही.

एवढं करूनही एखादं नाव उरतं. पुस्तकाशी त्याचा संबंध नसतो, उल्लेख एकच, तोही ऋणनिर्देशात. मार्कर मात्र नीट, हाताने, काळजीपूर्वक टाकलेला असतो. हे नाव पॅनेलमधून काढण्याआधी कागदाचं बिल कोण भरतंय, ते प्रकाशकांना विचारून घ्यावं.