राजमान्य राजश्री पापलेट

मराठी मुलखात सनदा, वतने आणि मानमरातब यांची उणीव कधीच नव्हती. परंतु ज्या मानकऱ्यास दरबारात वस्त्रे द्यावयाची, त्यालाच देवडीबाहेर रवा लावून तव्यावर घालावयाचे, अशी वहिवाट आमच्या जुन्या दप्तरांत कोठे आढळत नाही. ती पाडण्याचे श्रेय वर्तमान काळाकडे जाते. २०२३ च्या सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने रुपेरी पापलेटास, म्हणजे आमच्या कोकणातील सरंग्यास, ‘राज्यमासा’ ही पदवी बहाल केली, आणि त्याच दुपारी, नेहमीप्रमाणे, असंख्य खानावळींत त्याच्यावर पंगती उठल्या.

या मानकऱ्याच्या सहकाऱ्यांची, म्हणजे राज्याच्या इतर मानचिन्हांची, स्थिती पाहिली म्हणजे हा अन्याय अधिकच डोळ्यांत भरतो. शेकरूला हात लावणाऱ्याच्या मागे वनखात्याचा ससेमिरा लागतो. हरियाल पक्षी पेन्शनराप्रमाणे पानाआड निवांत बसतो. ताम्हणाची भाजी अद्याप कोणी केलेली नाही. आंबा खाल्ला जातो, हे मला कोणी सांगावयास नको. पण तेथे खाल्ले जाते ते फळ, राज्यवृक्ष आपल्या जागी कायम राहतो. पापलेटाच्या ठिकाणी मात्र पद आणि पदार्थ एकच.

हा मान थट्टेने मागितलेला नव्हता. सातपाटीच्या ज्या मच्छीमारांनी त्यासाठी खटपट केली, त्यांनी जाळ्यातला ऐवज वर्षानुवर्षे घटताना आणि जो येतो त्यात अल्पवयीनांचा भरणा वाढताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. मासा एकदाही अंडी न घालता पकडला गेला, की त्याच्याबरोबर त्याचा वंशही टोपलीत येतो. हे गणित कोळणीच्या हिशेबात केव्हाच बसले होते, शास्त्रज्ञांनी ते आलेखावर मांडले एवढेच. सरकारनेही हयगय केली नाही. पापलेट, बोंबील, सुरमई इत्यादी ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली गेली, आणि त्याहून आखूड मासा धरणे हा अपराध झाला.

या हुकमाची खुबी अशी की, मोजमाप बंदरावर होते. मासा पाण्यातून ओढला जातो, बर्फात निजवला जातो, धक्क्यावर उतरतो, आणि तेथे त्याच्या वयाची चौकशी सुरू होते. तो अल्पवयीन ठरला तर गुन्हा शाबीत होतो. परंतु फिर्यादी तत्पूर्वीच मयत झालेला असल्यामुळे त्याला घरी पोहोचविण्याची तजवीज कोणत्याही कलमात करता येत नाही.

वास्तविक वयाचा दाखला मागण्याची जागा म्हणजे जाळ्याचे आस, अर्थात त्याची भोके. ट्रॉलरचे जाळे वेगाने ओढले जाऊ लागले, की त्याच्या शेवटच्या पिशवीचे शंकरपाळ्याच्या आकाराचे आस ताणाने मिटत जातात आणि आत लहानमोठा सगळाच जीव कोंडला जातो; तेच आस चौकोनी विणले तर ताणातही उघडे राहतात आणि पिले निसटतात. कोचीची केंद्रीय मत्स्यतंत्रज्ञान संस्था ४० मिलिमीटरांच्या या चौकोनाचा कित्येक वर्षे पुरस्कार करीत आली आहे. (पापलेटाच्या चपट्या देहाला तोही अपुराच, त्याच्यासाठी आस याहून रुंद हवेत.) येथे नवे खाते लागत नाही, महामंडळ लागत नाही, अध्यक्षासाठी मोटार लागत नाही, आणि माझा असा दाट संशय आहे की, नेमक्या याच दोषांमुळे हा उपाय मागे पडत असावा. भोकाचे उद्घाटन करताना छायाचित्र चांगले येत नाही.

हद्दीचा प्रश्न निराळाच आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी राज्याचे, तेथून २०० मैलांपर्यंतचे केंद्राच्या अखत्यारीतले. समुद्रात प्रखर दिवे पाजळून मासे गोळा करण्यास केंद्राने २०१७ साली बंदी घातली. तरीही काळोख्या रात्री क्षितिजावर दिवाळी दिसते, आणि ती बाराव्या मैलाच्या अलीकडे आहे की पलीकडे, याचा खुलासा होईपर्यंत उजाडते.

पावसाळ्यातील विश्रांतीची गोष्ट त्याहून जुनी. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याखेरीज होडी लोटावयाची नाही, हा दंडक कोणत्याही राजपत्रात छापलेला नसल्यामुळे पाळला जात असे. आता १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची कायदेशीर बंदी आहे. पौर्णिमा बहुधा ऑगस्टात येते, आणि यांत्रिक नौका तिची वाट पाहत नाहीत.

आता माझा कबुलीजबाब. विषयाचा प्रत्यक्ष अभ्यास करावा, या सद्धेतूने मी परवा एका खानावळीत जाऊन पापलेटाची थाळी मागवली. वाढप्याने मानकऱ्यास आणून माझ्यापुढे ठेवले. तो माझ्या तळहाताहून आखूड होता. याहून मोठा नाही काय, असे मी विचारले, तेव्हा वाढपी म्हणाला, “मोठा परदेशी जातो, साहेब. थाळीत हाच येतो.” ताट तसेच परत पाठविले, असे येथे लिहिण्याचा मला फार मोह होत आहे, परंतु काटे इतके कोवळे होते की, ते वेगळे काढावेच लागले नाहीत.