खरेदीपूर्वी विचारण्याचा मनुष्य

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय गृहनिर्माण संस्थेत अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांच्याखेरीज आणखी एक पदाधिकारी आढळतो. उपविधींत त्याचा उल्लेख नसतो, त्याची निवडणूक होत नाही आणि त्याने दिलेला राजीनामा कधीच मंजूर होत नाही. नवा मोबाइल, लॅपटॉप, प्रिंटर किंवा नुसती चार्जिंगची वायर घेण्यापूर्वी ज्याला विचारावे लागते, तो हा मनुष्य. त्याची पदवी स्थापत्य अभियांत्रिकीची आणि नोकरी सहकारी बँकेतली असू शकते. परंतु १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरच्या घरी एक संगणक जोडलेला असतो आणि, विशेष म्हणजे, तो सुरूही झालेला असतो. कंपनीच्या तयार संगणकापेक्षा स्वस्त पडणाऱ्या अशा यंत्राला तेव्हा ‘असेंबल्ड’ म्हणत. त्या एका यंत्राच्या पुण्याईवर त्याचा अधिकार अद्याप टिकून असतो.

सल्लामसलतीचा हंगाम दसऱ्याच्या आधी, ऑनलाइन सेलच्या जाहिराती झळकू लागताच सुरू होतो. ‘बजेट किती?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो आणि ‘तसं काही नाही, पण वस्तू चांगली हवी’ हे त्यावर मिळणारे ठरलेले उत्तर. मग रॅम म्हणजे काम चालू असेपर्यंत माहिती हाताशी ठेवण्याची तात्पुरती जागा आणि स्टोरेज म्हणजे ती कायमची साठवण्याची जागा, हा भेद तो दरवर्षी त्याच माणसांना नव्याने समजावतो. कॅमेऱ्यापाशी आल्यावर त्याची वाणी विशेष रसाळ होते. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख चित्रबिंदू. १०८ मेगापिक्सेलचा म्हणून विकला जाणारा कॅमेरा एरवी शेजारशेजारच्या नऊ बिंदूंचा मिळून एक बिंदू करतो, कारण इतक्या बारीक बिंदूंना एकेकट्याने पुरेसा प्रकाश मिळत नाही, आणि हाती येणारे छायाचित्र १२ मेगापिक्सेलचेच असते. सबब आकड्यावर भाळू नये, असे तो हिशेब मांडून पटवून देतो. ऐकणाऱ्याला ते पटतेही. त्यानंतर तो १०८ मेगापिक्सेलचाच फोन घेतो, कारण साडूकडे ६४ चा आहे.

या मनुष्याच्या ज्ञानाची अडचण अशी की ते वाढत जाते, पण त्यातले जुने काही निवृत्त होत नाही. नवा फोन पहिल्यांदा आठ तास चार्ज करावा, हा त्याचा आग्रह निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली आणि तिला अशा दीर्घ प्रथमोपचाराची गरज नाही. उलट ती कायम शंभर टक्के भरून ठेवल्यास लवकर थकते, हेही त्याला ठाऊक असते. तरीही तो आठ तासांचे सांगतोच. तसेच ‘रिफ्रेश’चे. विंडोजच्या पडद्यावर उजवी कळ दाबून मिळणारी ही आज्ञा पडद्यावरील चिन्हे पुन्हा मांडण्यापलीकडे काहीही करीत नाही, परंतु संध्येपूर्वीच्या आचमनासारखी ती पाच-सहा वेळा दिल्याशिवाय तो कामाला हात घालीत नाही. न्यायाने सांगायचे तर या कर्मकांडामागे अनुभव होता. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कवर संगणक सुरू झाल्यानंतरही बराच वेळ एकेक प्रोग्राम वर येत राही. तेवढा वेळ रिफ्रेश करण्यात गेला की यंत्र खरोखरच चपळ वाटे, आणि श्रेय रिफ्रेशला जाई.

असे असले तरी दुकानदार जे सांगत नाही ते हाच सांगतो. मंद झालेला लॅपटॉप टाकून देण्याऐवजी त्यातील हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे हलता भाग नसलेली साठवण, बसवावी, या त्याच्या एका सल्ल्याने कित्येक घरांचे पैसे वाचले आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था नसलेली धडधाकट यंत्रे निरुपयोगी ठरू लागली, तेव्हा त्याने घरोघरी लिनक्सचा पुरस्कार केला. लिनक्स ही विनामूल्य प्रणाली आहे, असे तो म्हणे. ‘फुकट आहे म्हणजे काहीतरी असेल’, असे लोक म्हणत. हा त्याच्या आयुष्यातील एकमेव खरा पराभव होय.

विक्रीच्या संकेतस्थळांवर समीक्षांचा एवढा सुकाळ असताना लोकांना हा मनुष्य का लागतो, याचा विचार करणे उचित ठरेल. त्या समीक्षांपैकी काहींत ‘आजच मिळाला, अजून उघडला नाही’ असे लिहून पाच तारे दिलेले असतात, तर काहींत खोका चेपल्याबद्दल एकच. व्हिडिओ करणारे समीक्षक फोन आठवडाभर वापरून निकाल देतात, आणि बॅटरीचे खरे रूप दुसऱ्या वर्षी उघड होते. पण मुख्य कारण वेगळेच आहे: संकेतस्थळाला जिन्यात गाठता येत नाही. फोन चांगला निघाला तर ती घेणाऱ्याची पारख असते. बिघडला तर ‘तूच म्हणाला होतास’ हे वाक्य ऐकवायला एक हक्काचा पत्ता हवा असतो.

म्हणूनच अलीकडे तो सावधपणे तीन मॉडेल सुचवतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दुकानात जातात, विक्रेत्याने इअरफोन फुकट दिले म्हणून चौथेच मॉडेल घेऊन येतात, आणि जुन्या फोनवरचे व्हॉट्सॲप नव्यावर आणून देण्यासाठी रात्री दहाला त्याची बेल वाजवतात. गूगल ड्राइव्हवरची १५ जीबीची फुकट जागा भरल्याने बॅकअप, म्हणजे राखीव प्रत, घेता येत नाही. जागा सुप्रभाताच्या चित्रांनी व्यापली आहे, तेव्हा ती पुसावीत किंवा दरमहा पैसे भरून जागा वाढवावी, असे तो समजावतो. काकू चष्मा सावरत विचार करतात.

‘पुसायचं कशाला? तुझ्याकडे जागा असेल की. तिथेच ठेव सगळं.’