अरेका पामची नाडीपरीक्षा

सोफा आणि शोकेस यांच्या मधोमध उभ्या असलेल्या अरेका पामची पानं पिवळी पडू लागली की घरातलं वैद्यकीय मंडळ तातडीनं बसतं. आजी दृष्ट काढा म्हणतात, सूनबाई खत सुचवतात आणि आजोबा कुणाला न विचारता झारी उचलतात. म्हणून उपचाराची पहिली पायरी: झारी जप्त करावी.

रुग्ण मूळचा मादागास्करचा. दमट हवा, गाळून आलेलं ऊन आणि निचरा होणारी जमीन ही त्याची सवय. फ्लॅटमधला अरेका सहसा तहानेनं मरत नाही, बुडून मरतो.

खात्री करायला बोट दोन पेरं मातीत खुपसावं. ओल लागली तर त्या दिवशी पाणी बंद, पाहुण्यांनी आग्रह केला तरी. मग शोभेची कुंडी उचलून तळ पाहावा. भोक नसेल तर निदान तिथंच संपलं. तरीही शंका उरल्यास हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरून (गृहिणीची लेखी संमती घेऊन) झाड बाहेर काढावं. मुळं पांढरट आणि घट्ट असली तर निर्धास्त व्हावं. तपकिरी, लिबलिबीत आणि कुबट वासाची असली तर स्वच्छ कात्रीनं छाटून लाल माती, कोकोपीट आणि जाड वाळूच्या मिश्रणात, भोकाच्या कुंडीत पुन्हा लावावं. कुंडी मोठी घेण्याचा मोह टाळावा. जास्त माती जास्त दिवस ओली राहते.

सगळ्यात खालचं एखादं पान पिवळं होणं हे वार्धक्य आहे, त्यावर बैठक नको. टोकं तपकिरी होण्यामागं मात्र बऱ्याचदा काटकसर असते. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून ते झाडाला घातलं जातं आणि त्यातले क्षार कुंडीत साचत जातात. त्या पाण्यानं फरशी पुसावी. दूध-साखरेसकट ओतलेला चहाचा चोथा हेही खत नव्हे. त्यावर चिलटं तेवढी पोसली जातात.

पानांमागं बारीक जाळी दिसली तर लाल कोळी, कापसासारखे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण. पानं धुऊन, लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारावं, आठवड्यानं पुन्हा.

‘पण नासानं सांगितलंय, हवा शुद्ध करतो!’ असा आक्षेप येईलच. नासाचे १९८९ चे प्रयोग बंद पेटीतले होते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलेला हिशेब असा, की खिडक्या-दारांतून होणाऱ्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. तेवढी ठेवली तर सोफा गॅलरीत जाईल.

शेवटी मधल्या न उलगडलेल्या कोंबाला हलकेच ओढून पाहावं. तो हातात आला तर ते खोड गेलं, कारण पामच्या खोडाला वाढीचा शेंडा एकच. पण अरेका पुंजक्यानं वाढतो. बाजूच्या खोडांचे कोंब घट्ट असतील तर पूर्वेच्या खिडकीजवळ, एसीच्या झोतापासून दूर, त्याला नवी पानं फुटू शकतात. तोवर खत बंद, आणि आजोबांसाठी बाल्कनीत एक तुळस ठेवावी.