वय पन्नास, इयत्ता दुसरी

प्राथमिक शिक्षक व्हायचं असेल तर बारावीचे गुण लागतात. त्यानंतर तुम्ही आयुष्यात काय दिवे लावलेत, याच्याशी डी.एल.एड.च्या प्रवेशाला काही देणंघेणं नसतं. मी बी.कॉम. आहे, बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षा पास आहे, कर्ज विभागात केस पिकवून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली आहे. या सगळ्याकडे ढुंकूनही न बघता अर्ज एकच विचारत होता : बारावीला किती? ती गुणपत्रिका आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत, वडिलांच्या विम्याच्या पावत्यांखाली सापडली. बायकोने ती आयुष्यात प्रथमच पाहिली. “लग्नाच्या बैठकीत ही दाखवली नव्हती,” एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

अध्यापक विद्यालयात पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो, तर सगळी मुलं-मुली उठून उभी राहिली. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हे सर नव्हेत, हे आपल्यातलेच. त्यानंतर कुणी उभं राहिलं नाही. आठवडाभरात माझा ‘काका’ झाला. हे काका सर्वांचे लाडके, कारण सरकारी भरतीची वयोमर्यादा त्यांनी बँकेत असतानाच ओलांडलेली. २०१३पासून महाराष्ट्रात टीईटी नावाच्या शिक्षक पात्रता परीक्षेची चाळण आहे, तिच्यातून सुटलं तर पुढे टेट ही अभियोग्यता चाचणी, मग भरतीच्या पवित्र पोर्टलची वाट बघणं. या रांगेत काका नाहीत म्हटल्यावर नोट्स द्यायला कुणी हात आखडता घेतला नाही.

शिकवण्याची सुरुवात सूक्ष्म अध्यापनाने होते. हा प्रकार १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जन्मला. एका वेळी एकच कौशल्य घोटायचं : प्रस्तावना, प्रश्न विचारणं, फलकलेखन. आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे ६ मिनिटं शिकवायचं, ६ मिनिटं बाकीच्यांनी तुमचे वाभाडे काढायचे, १२ मिनिटांत पाठ पुन्हा रचायचा आणि परत ६ अधिक ६. एकूण ३६ मिनिटं. विद्यार्थी म्हणून समोर बसतात ते आपलेच वर्गमित्र. एकोणीस वर्षांची मुलगी दोन्ही वेण्या पुढे घेऊन “सर, मी सांगू?” म्हणते आणि हवं तेच उत्तर हव्या त्या क्षणी देते. असे विद्यार्थी उभ्या महाराष्ट्रात अन्यत्र कुठेही आढळत नाहीत.

हे कळलं ते आंतरवासितेत. मला तालुक्यातली एक जिल्हा परिषद शाळा मिळाली, इयत्ता दुसरी. मार्गदर्शक म्हणून त्या वर्गाच्या बाई. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, पण पहिल्याच दिवशी त्यांनी मला असं न्याहाळलं की मला माझे जुने शाखाधिकारी आठवले. “टाचण आणलंय ना, सर?” त्यांनी विचारलं. आणलं होतं. टाचण म्हणाल तर माझं देखणं होतं.

पाठाच्या टाचणात दोन रकाने असतात. डावीकडे अध्यापक कृती, उजवीकडे विद्यार्थी कृती. गंमत अशी की उजवा रकानासुद्धा शिक्षकानेच भरायचा, तोही आदल्या रात्री. म्हणजे उद्या सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सात वर्षांची मुलं काय बोलतील, ते मी आज जेवणानंतर लिहायचं. मी लिहिलं, “विद्यार्थी उत्स्फूर्तपणे उत्तरे देतात.” विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली, आणि उत्स्फूर्तपणेच दिली. “सर, ह्यानं माझं खोडरबर खाल्लं.” “सर, आमची म्हस व्याली.” “आजोबा, तुमच्या कानात केस हायत.” याखेरीज करंगळ्या. वर्गात एक करंगळी वर झाली की तिच्यामागोमाग आठ-दहा होतात. सगळ्यांना सोडावं तर पाठ रिकाम्या बाकांपुढे घ्यावा लागतो, न सोडावं तर भलत्याच परिणामांची जबाबदारी अंगावर येते.

आमच्या टाचणाच्या मुळाशी हर्बार्ट या जर्मन तत्त्वज्ञाच्या नावाने चालणारी, पाठाच्या पाच पायऱ्यांची पंचपदी आहे. माणूस मोठा, कोनिग्सबर्गला कांटच्या गादीवर बसलेला. पण पंचपदीच्या दुसऱ्या पदाशी एखाद्याचा दात पडला आणि तो बघायला अख्खा वर्ग त्याच्याभोवती जमला तर तिसऱ्या पदावर कसं जायचं, हे निदान आमच्या नोट्समध्ये तरी नाही. मी फळ्याकडे तोंड करून सुवाच्य अक्षरात लिहीत राहिलो, कारण त्या वर्गात माझं ऐकणारा तेवढा फळाच उरला होता. संध्याकाळी निरीक्षण वहीत बाईंचा शेरा होता : “फलकलेखन उत्तम. वर्गाकडेही पाहावे.”

त्या रात्री मी गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’ काढलं. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले, म्हणजे धंदा बदलणाऱ्यांत आमचे पूर्वजच. त्यांच्या या पुस्तकातला शिक्षक चौथीचा वर्ग मागून घेतो आणि पहिल्याच दिवशी मोठ्या हौसेने शांततेचा खेळ मांडतो. मुलं त्या शांततेचा असा काही बोजवारा उडवतात की तो त्यांना सरळ घरी सोडून देतो. वाचून फार बरं वाटलं. फक्त मुलांना घरी सोडण्याचा अधिकार छात्राध्यापकाला नसतो. शिवाय खिचडी शिजत असते.

खिचडी हा शाळेतला खरा मध्यबिंदू. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, हे प्रमाण मी आता व्याजदरासारखं सांगू शकतो. मुलांना वाढण्याआधी एका मोठ्या माणसाने ती चाखायची आणि चव नोंदवहीत सही करायची. बँकेत मी लाखांच्या कर्जांवर सह्या केल्या, पण “चव चांगली, मीठ योग्य” याखाली सही करताना जी छाती फुगली ती तेव्हा कधी फुगली नव्हती. या सहीच्या बाबतीत मात्र बाईंनी माझ्यावर पहिल्या दिवसापासून विश्वास टाकला.

आणि मग आली हातच्याची वजाबाकी. आकड्यांचा विषय, म्हणजे माझं घरचं मैदान. फळ्यावर ४२ वजा १७ मांडलं आणि म्हणालो, “दोनातून सात जात नाहीत. मग काय करायचं? शेजारच्या चाराकडून एक दशक उसना घ्यायचा.” वर्ग चक्क शांत होता. दुसऱ्या बाकावरच्या, शर्टाची वरची गुंडी तुटलेल्या एका मुलाने विचारलं, “सर, मग परत कधी द्यायचा?”

कर्ज विभागात एवढी वर्षं काढली, पण एकाही कर्जदाराने हा प्रश्न आपण होऊन विचारला नव्हता. मी म्हणालो, “तो परत द्यायचा नसतो.” तो म्हणाला, “मग चारानं दिलाच कशाला?” शेजारची मुलगी म्हणाली, “माझी आई म्हणती, उसनं घेतलं की परत द्यायचंच.” वर्ग चाराच्या बाजूने झाला. दोनावर संशय घेण्यात आला. मी तोंड उघडायच्या आत बाई मागच्या बाकावरून उठल्या. त्यांनी कपाटातून काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या काढल्या आणि त्या मुलाच्या पुढ्यात ठेवल्या. “यातल्या सात मला दे.” त्याने दोन सुट्या दिल्या, थांबला, बाईंकडे पाहिलं, मग एका गठ्ठ्याचं रबर काढलं आणि आणखी पाच मोजून दिल्या. “कुणाकडून उसन्या आणल्यास का?” “नाय. माझ्याच हायत. गठ्ठा सोडला.” “मग आता आणखी दहा दे.” त्याने एक अख्खा गठ्ठा उचलून दिला. पुढ्यात दोन गठ्ठे आणि पाच सुट्या राहिल्या. “पंचवीस!” वर्ग ओरडला.

दहाची नोट मोडून सुटे घेण्याइतकी साधी गोष्ट. मी जन्म बँकेत काढला, पण ती मला सुचली नाही, बाईंना सुचली. आणि हे करत असताना बाईंनी एका करंगळीला मानेनेच परवानगी दिली, एकाचं वाहतं नाक पुसलं, आणि दाराशी कसली तरी माहिती आजच्या आज ऑनलाइन भरा म्हणून सांगायला आलेल्या मुख्याध्यापकांना “जेवणाच्या सुट्टीत भरते” असं सांगून वाटेला लावलं. यातलं एकही कौशल्य ३६ मिनिटांच्या त्या यादीत नाही.

माझं मत आता पक्कं झालंय. इयत्ता जितकी खालची, तितकं शिकवणं अवघड. कॉलेजातल्या पोरांना तुम्ही नाही शिकवलं तरी ती गाइड वाचून पास होतात. दुसरीतल्या मुलाकडे गाइड नसतं, त्याच्याकडे फक्त बाई असतात. आपल्याकडे मान आणि पगार मात्र इयत्तेबरोबर चढत जातात. त्यामुळे तुमच्या ओळखीत कुणी पहिली-दुसरीला शिकवत असेल, तर एक करा. “तुमचं बरं आहे बुवा, सुट्ट्याच सुट्ट्या,” हे वाक्य त्यांना ऐकवू नका. आणि संध्याकाळी सहाच्या आत फोन करू नका. तोवर त्यांच्या कानात “सर, ह्यानं…” चालूच असतं.