सरांचा काटा

आमच्या सोसायटीतले फिजिक्सचे निवृत्त प्राध्यापक सध्या बायोहॅकर आहेत. गेल्या रविवारी क्लब हाउसमध्ये त्यांची ‘आपलं औषध आपल्या हाती’ ही कार्यशाळा झाली. चहा होता, साबुदाणा वडे होते आणि टेबलावर एक काटा होता.

बाकीचं मी सांगत बसत नाही. सरांच्या दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर (सरांना मधुमेह नाही), पहाटेची बर्फाच्या पाण्याची आंघोळ, ‘डॉक्टर तुम्हाला हे सांगणार नाहीत’ हे पालुपद, हा सगळा माल तुमच्याही सोसायटीत असेलच. मला फक्त काट्याबद्दल बोलायचं आहे.

काटा काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा. भाजणी मोजायला घेतलेला, डिजिटल, पाच किलोपर्यंतचा. एका ग्रॅमच्या खालचं त्याला काही कळत नाही. त्यावर सर थायरॉइडचं औषध मोजत होते. पूड ऑनलाइन मागवलेली. पुडीवर ‘फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’ असं छापलेलं. सरांच्या मते ही कंपन्यांची भाषा.

थायरॉइडची साधी गोळी 25 मायक्रोग्रॅमची असते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. सरांनी चिमूटभर पूड टाकली. काटा शून्य. आणखी एक चिमूट. शून्य. तिसऱ्या चिमटीला 1 उमटला आणि सर म्हणाले, “बघा, किती सोपं!”

त्या सोप्या एका ग्रॅमात 40,000 गोळ्यांचं औषध असतं. तेही काटा खरं बोलत असेल तर. अर्ध्या ग्रॅमलाही तो 1 दाखवू शकतो आणि दीडला टेकत आलं तरी 1च. म्हणजे वीस हजार ते साठ हजार, यांतलं काहीही. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी भीत भीत विचारलं, “पण सर, यातून एक डोस काढायचा कसा?” सर म्हणाले, पाण्यात विरघळवायचं. ही पूड पाण्यात जेमतेम विरघळते. पण ते सोडा, विरघळली असं धरू. एक लिटर पाण्यात घातली तर डोस होतो सुमारे अर्धा थेंब. अर्धा थेंब कसा पाडतात ते चहा पिता पिता मी तीन जणांना विचारलं. चमचाभर डोस हवा असेल तर 200 लिटर पाणी लागेल, म्हणजे गच्चीवरचं ते निळं पिंप. ते ढवळायला वॉचमनला सांगावं लागेल. मग रोज एक चमचा याप्रमाणे ते पिंप वहिनींना 109 वर्षं पुरेल. वहिनी सध्या 58 वर्षांच्या आहेत.

आता माझं जुनं दुखणं. याच सरांनी मला एफ.वाय.च्या प्रॅक्टिकलला व्हर्निअर कॅलिपर दिला होता. लीस्ट काउंट 0.01 सेंटिमीटर. मी उत्तर लिहिलं 2.345. सरांनी अख्ख्या बॅचसमोर जर्नल उंच धरलं आणि विचारलं, “जे उपकरणाला दिसत नाही ते तुला कसं दिसलं?” दोन मार्क कापले. माझा फर्स्ट क्लास बरोबर दोन मार्कांनी हुकला. सर, जे काकूंच्या काट्याला दिसत नाही ते तुम्हाला कसं दिसलं? आमच्या पत्र्याच्या नळकांड्याचा व्यास चुकला तर कोणी मरणार नव्हतं! अर्धायुष्यसुद्धा तुम्हीच शिकवलंत. या औषधाचं अर्धायुष्य साधारण सात दिवसांचं. म्हणजे आजची चूक उद्या कळत नाही, साचत जाते. म्हणून तर डोस बदलला की डॉक्टर सहा आठवड्यांनी रक्त तपासायला सांगतात. तोवर छाती धडधडायला लागते, हात कापतात, आणि तुम्ही समोरच्याला सांगता, “एनर्जी वाढली ना?”

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? अमेरिकेत इन्सुलिनच्या एका कुपीची छापील किंमत पावणेतीनशे डॉलरच्या घरात गेली होती. तिथल्या माणसाने चिडून स्वयंपाकघरात प्रयोगशाळा मांडली, तर तो राग तरी समजतो. आपल्याकडे थायरॉइडची गोळी एक-दोन रुपयांना मिळते, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये, आणि मेडिकलवाला उधारीही ठेवतो.

कार्यशाळा संपल्यावर काकूंनी काटा ओल्या फडक्याने पुसला, साबणाने पुसला, मग टाकूनच दिला. नवा आणलाय. तोही एका ग्रॅमचाच. भाजणीला तेवढा पुरतो.