राजमान्य राजश्री क्रॉनिक स्पॉट यांसी

राजमान्य राजश्री क्रॉनिक स्पॉट,
मुक्काम लक्ष्मी रस्त्यालगतचा एक बोळ,
पुणे ३०.

सा. न. वि. वि.

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. एकाच बाजारपेठेत वावरायचं, रोज समोरासमोर यायचं आणि चार शब्द बोलायचे नाहीत, हे पेठेच्या रीतीला धरून असलं तरी बरं दिसत नाही. मी नाकाला रुमाल लावून पुढे सरकतो, आपण बसल्या जागी आणखी थोडे वाढता. या रस्त्यावर साड्यांची दुकानं बदलली, सराफांनी मजल्यावर मजले चढवले, पेनं दुरुस्त करणारे गेले आणि मोबाइलची कव्हरं आली. जागा न सोडणारे आपण एकटे. भाडं नाही, पागडी नाही, मिळकतकर नाही. वाड्यातल्या भाडेकरूंनासुद्धा असा ताबा मिळवायला कोर्टात तीन पिढ्या घालवाव्या लागतात.

ज्यांचा आपला परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. कचऱ्याचे कंटेनर उचलून नेले की शहर कंटेनरमुक्त होतं. कंटेनर गेला तरी लोक त्याच जागी कचरा टाकत राहिले की त्या जागेला सरकारी कागदावर क्रॉनिक स्पॉट म्हणतात. म्हणजे पूर्वी कचरा पेटीत असायचा, आता मोकळ्या हवेत असतो. प्रगती झालीच नाही असं कोणी म्हणू नये.

आपल्याला हटवण्याचे जेवढे उपाय झाले तेवढे शनिवारवाड्याच्या वाट्यालाही आले नसतील. आधी रांगोळी आली. पहाटे मुकादम आले, सफाईच्या बायका आल्या, एक साहेब आले. आपलं अंग झाडून-धुऊन त्यावर सुरेख मोर काढला गेला. खाली ‘स्वच्छ’ की ‘सुंदर’ असं काहीतरी लिहिलं, फोटो निघाले, मंडळी आरोग्य कोठीकडे परतली. साडेआठच्या सुमारास दुचाकीवरून एक गृहस्थ आले, एक पाय टेकवला, पायाशी लटकवलेली काळी पिशवी सोडवली आणि अलगद, बरोबर मोराच्या डोळ्यावर ठेवली. फेकली नाही हो, ठेवली. कलेबद्दल आदर आहे आपल्याकडे.

मग कुंड्या आल्या. दोन कुंड्या पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी गॅलरीत गेल्या, उरलेल्यांतल्या तुळशीच्या मातीत सिगारेटची थोटकं उगवली. मग पाटी आली. पाटीशिवाय पुण्यात काही पूर्ण होत नाही. ‘येथे कचरा टाकणाऱ्याने आपले शिक्षण वाया गेले असे समजावे.’ लोकांनी ते खिलाडूपणे समजून घेतलं आणि पाटीच्या खांबाला टेकवून पिशव्या ठेवायची सोय झाली. त्यानंतर भिंतीवर देवादिकांच्या टाइल्स बसल्या: गणपती, साईबाबा, क्रूस, मशीद, सगळे एका ओळीत. पिचकारी मारणाऱ्या मंडळींची श्रद्धा पाहून मला भरून आलं. एकाही टाइलवर थेंब नाही. लाल फराटे सगळे ओळ संपते तिथून दीड फूट डावीकडे सुरू होतात.

थुंकण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. २०१८ च्या नोव्हेंबरात याच शहरात थुंकणाऱ्याला धरून, दंड घेऊन, वर त्याचं त्यालाच पुसायला लावायची मोहीम निघाली होती. हातात पाण्याची बादली, फडकं आणि भोवती बघे. तिची बातमी परदेशातल्या वृत्तसंस्थांपर्यंत पोचली. माणूस दंडाला भीत नाही, चारचौघांत उकिडवं बसून भिंत पुसायला भितो, हे त्या मोहिमेने बरोबर हेरलं होतं. आता तशी बादली दिसत नाही. मोहीम म्हटली की तिला सांगता आलीच.

आपल्या अंगावर पडलेली एखादी गुटख्याची पुडी उचलून पाहावी. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. गुटखा, तंबाखू आणि पानमसाला प्लॅस्टिकच्या पुडीत भरायला २०१६ च्या नियमांनी देशभर मनाई आहे. रस्त्यावर थुंकायला तर बंदी आहेच. म्हणजे विकायला बंदी असलेला माल, भरायला बंदी असलेल्या पुडीतून काढून, टाकायला बंदी असलेल्या जागी पोचतो. कायद्याचं एवढं एकवटलेलं दर्शन सत्र न्यायालयातही घडायचं नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांचंही तेच. २०१८ च्या राज्याच्या बंदीत पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिने कैद अशी चढती भाजणी आहे. त्या भीतीने बाजारात जी पिशवी आली ती दिसते कापडाची आणि असते प्लॅस्टिकची. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश, आपण तर खूशच.

पण आपलं खरं पोषण पुड्यांवर होत नाही, हे तुम्हांआम्हां दोघांनाही ठाऊक आहे. एका रात्री दहाच्या पुढे, शटर पडल्यावर, मी आपल्यासमोर जरा वेळ उभा राहिलो. साडीच्या घड्यांवरची पातळ प्लॅस्टिकची आवरणं, शर्टाच्या कॉलरखालचे पुठ्ठे, टाचण्या, तुटके हँगर, बांगड्यांच्या रिकाम्या नळ्या, चहाचे कागदी कप, शेजारच्या गुऱ्हाळाची उसाची चिपाडं. आणि खोकी. मोठाली, सुरतेहून आलेली खोकी. त्यांच्यावर चिकटवलेल्या कागदावर माल घेणाऱ्याचं नाव, पेठ, घरक्रमांक, मोबाइल आणि जीएसटी नंबर, सगळं ठळक छापलेलं. कचरा टाकणाऱ्यांना शोधायला आपल्या डोक्यावर कॅमेरा बसवला आहे, त्याची वायर कुठे जाते ते कोणाला माहीत नाही. आणि इथे गुन्हेगार स्वतःचं नाव-गाव, फोन आणि करदात्याचा क्रमांक लिहून जातो! तो कागद आजवर कोणी वाचला असेल तर पुठ्ठा गोळा करणाऱ्या मावशींनी. त्याही वाचत नाहीत, ओला होऊन वजनाला खोट येऊ नये म्हणून फाडून टाकतात.

बरं, दुकानदाराला तरी काय म्हणावं? कचरा न्यायला माणसं येतात सकाळी. तेव्हा दुकानाला कुलूप. दुकान उघडतं साडेदहा-अकराला, कचरा तयार होतो दिवसभर, बाहेर निघतो रात्री झाडलोट झाल्यावर. त्या वेळी बोळात गाडी नाही, पेटी नाही, माणूस नाही. आहात ते आपण. दुकानातला पोरगा सगळं उचलतो आणि मालकाच्या सांगण्याप्रमाणे ‘तिकडे’ ठेवून येतो. आपल्याला हटवायला निघालेल्या प्रत्येकाने जागा बदलून पाहिली, रंगवून पाहिली, देवाच्या ओटीत घालून पाहिली. घड्याळ कोणी पाहिलं नाही.

गिऱ्हाइकांची बाजूही आपण सांभाळता. परवा चांगल्या कपड्यातल्या एका गृहस्थांनी आइसक्रीमचा कप आपल्याकडे भिरकावला. मी म्हटलं, “अहो, काय हे?” ते म्हणाले, “तुम्ही महापालिकेतले का?” मी म्हटलं, “नाही.” “मग?” असं म्हणून त्यांनी चमचाही टाकला. “टॅक्स भरतो आम्ही,” हे जाताजाता. मिळकतकराच्या बिलात कप टाकण्याचा आकार कोणत्या रकान्यात असतो ते मी घरी जाऊन शोधलं. सापडला नाही.

आता जरा नाजूक गोष्ट. आपल्या मागची भिंत पुरुषांनी केव्हाच ताब्यात घेतली आहे. सातारा, बारामती, नगरकडून बस्ता बांधायला कुटुंबंच्या कुटुंबं या रस्त्यावर येतात. नवरीची आई, मावशी, आत्या गादीवर बसून शालू उलगडत चार-पाच तास काढतात. त्या पाणी बेतानेच पितात. दुकानात विचारायला संकोच, बाहेर शोधायला हातात पिशव्या. पुरुष मंडळी तेवढ्यात ‘जरा येतो हं’ म्हणून आपल्याकडे एक फेरी मारून ताजीतवानी होऊन परततात. बायकांना मुताऱ्या मिळाव्यात म्हणून मुंबईत ‘राइट टू पी’ची चळवळ २०११ पासून चालू आहे. जुन्या बसमध्ये बायकांसाठी स्वच्छतागृहं करायची कल्पना तर २०१६ मध्ये पुण्यातच निघाली. कल्पना काढण्यात पुणे मागे नसतंच.

आणि एक गोष्ट, जिच्यात उपरोध आणावासा वाटत नाही. जिथे घाण चालते तिथे सगळंच चालतं, हे बसायला जागा शोधणाऱ्यांना पहिल्यांदा कळतं. दिवा गेलेला, वास सुटलेला, कोणी फिरकत नाही असा कोपरा म्हणून रात्री आपल्या आडोशाला बाटल्या-ग्लास घेऊन टोळकं जमतं. दुकानात दिवसभर उभ्या राहिलेल्या मुली साडेनऊ-दहाला सुटतात. आपल्या बोळातून बसथांबा जवळ, तरी त्या तिघी-चौघी मिळून पुढच्या चौकातून वळसा घालून जातात. त्यातली एक सांगत होती, कोणी काही केलेलं नाही अजून, नुसते शेरे मारतात. तिच्या तोंडचा ‘अजून’ ऐकून मला पुढचं बोलणं सुचलं नाही. त्या वळशाची नोंद कोणत्याही वहीत नाही. तक्रार नाही, त्यामुळे गुन्हा नाही, त्यामुळे बोळ सुरक्षित.

आपले चांगले दिवस मात्र मी पाहिले आहेत. २०१७ च्या एप्रिलमध्ये फुरसुंगी-उरुळी देवाचीच्या कचरा डेपोला आग लागली, वर्षानुवर्षं आपल्यासारख्यांचा माल दारात घेऊन घेऊन विटलेल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहराचा कचरा तीनेक आठवडे शहरातच राहिला. आपण तेव्हा मुख्य रस्त्यापर्यंत आला होता. सगळे पुणेकर एकदम कचऱ्यावर बोलू लागले, गावकऱ्यांनी जरा समजून घ्यायला हवं असं. ओला-सुका वेगळा करण्याच्या शपथा झाल्या. गाड्या सुटल्या आणि शपथाही सुटल्या.

उलट, आपलं अस्तित्व धोक्यात येतं ते विसर्जन मिरवणुकीनंतर. मिरवणूक तीस तासांच्या आसपास चालते. शेवटचा गणपती पुढे सरकला की या रस्त्याचं काय झालेलं असतं ते पाहायला थांबणारे थोडेच. गुलाल, प्लॅस्टिकच्या बाटल्या, पिपाण्या आणि चपलांचे ढीग, बहुतेक एकेकट्या. तेव्हा खराटे घेतलेल्या बायका रांगेने येतात. पत्र्याच्या दोन तुकड्यांत ढीग चिमटून ढकलगाडीत टाकतात, मागून गाड्या, त्यांच्यामागे पाण्याचे टँकर. काही तासांत रस्ता असा लख्ख होतो की आपली जागासुद्धा दोन मिनिटं शोधावी लागते. म्हणजे जमतं. ठरलेल्या वेळी माणसं, गाडी आणि पाणी आणलं की जमतं.

११ डिसेंबरचंही तसंच. २०२१ पासून त्या दिवशी या रस्त्याच्या एका तुकड्यात वाहनं बंद ठेवून पादचारी दिन होतो. रस्त्याच्या मधोमध मुलं खेळतात, म्हाताऱ्यांना बसायला बाक मिळतात, फुटपाथवर दुचाकी चढत नाही. शहराने पादचारी धोरण २०१६ मध्येच मंजूर केलं आहे, त्यात उरलेले तीनशे चौसष्ट दिवस वगळल्याचं माझ्या वाचनात नाही. १२ डिसेंबरला सकाळी मी फुटपाथवरून चाललो होतो, तर मागून हॉर्न वाजला. मी दचकून रस्त्यावर उतरलो. तिथेही हॉर्न वाजला.

असो. पत्राचं कारण आपल्याला सावध करणं हे आहे. आपल्या जिवावर उठतील अशा गोष्टी चारच आहेत आणि त्या फार साध्या आहेत. रात्री दहा वाजता बोळात एक गाडी. खोक्यावरचा कागद वाचून दुसऱ्या दिवशी त्याच नावाने फाडलेली पावती, ‘साहेबांशी बोला’ म्हणून मोबाइल पुढे केला तरी फाडलेली. कोपऱ्यावर चालू दिवा. आणि बायकांना कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह. एवढं महिनाभर सलग झालं तर आपलं काही खरं नाही. पण घाबरून जाऊ नये. यातल्या एकाही गोष्टीचं उद्घाटन करता येत नाही आणि कशाचाच फोटो चांगला येत नाही. रात्री दहाच्या गाडीसमोर उभं राहून हसणार कोण?

तेव्हा आपण निश्चिंत असावं. थोरांना नमस्कार, लहानांना, म्हणजे पुढच्या चौकात नव्यानेच आकाराला येत असलेल्या आपल्या चिरंजीवांना, अनेक आशीर्वाद.

आपला शेजारी,
एक पेठकर

ता. क. आपल्या जागेवर आता सेल्फी पॉइंट होणार अशी कुणकुण आहे. लाल बदाम, विजेची अक्षरं, मागे प्लॅस्टिकची हिरवळ. काल दोघे जण टेप घेऊन माप घ्यायला आले होते. माप झाल्यावर त्यांनी समोरून चहा मागवला, प्यायला, आणि कप कुठे टाकायचे म्हणून मला विचारलं. मी बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. ते दोघे बिचारे जरा वेळ कप हातात धरून उभे राहिले, मग त्यांनी ते आपल्याकडेच सोपवले.